शल्याची शिकवणी नको!

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाच्या इनडोअर स्पर्धा झाल्या. कॅरम, बुद्धिबळ, टेबल टेनिस हे नेहमीचे खेळ होतेच. पण मुलांनी हट्टच धरला म्हणून यंदा प्रथमच एट-बॉल पूलही ठेवला होता. सोळा वर्षांखालील गटाच्या अंतिम सामन्यात माझी लेक होती आणि समोर आमच्या अगदी घरोब्यातल्या मित्राचा मुलगा. पाच डावांचा सामना, दोन-दोन अशी बरोबरी. शेवटच्या डावात लेकीचे सगळे चेंडू गेलेले, फक्त काळा उरलेला, तोही मधल्या पॉकेटसमोर जवळजवळ सरळ रेषेत. ती वाकली. तेवढ्यात तो मुलगा दोन पावलं पुढे आला आणि अत्यंत नम्र आवाजात म्हणाला, "तुला एक विचारू? तू मारताना श्वास आत घेतेस की बाहेर सोडतेस?"

ती हसली, उभी राहिली, पुन्हा वाकली. क्यू पुढे-मागे झाला, जरा जास्तच वेळ झाला. काळा चेंडू पॉकेटच्या ओठावर आपटून परत आला. मुलानं पुढचे तीन चेंडू सफाईनं घातले आणि ट्रॉफी नेली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

नंतर चहा-वड्याच्या टेबलाशी माझा मित्र भेटला. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. म्हणाला, "अरे, तो प्रश्न मीच शिकवलाय त्याला! मेंटल गेम आहे हा. ह्या देशात टिकायचं तर आपल्या मुलांना हे यायलाच पाहिजे." भोवतीच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. परतीच्या वाटेवर गाडीत लेकीनं विचारलं, "बाबा, पुढच्या वर्षी मी पण असं काहीतरी विचारलं तर चालेल का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. का देता आलं नाही ते पुढे सांगेन. हा लेख म्हणजे ते राहिलेलं उत्तर आहे. मित्राला सांगून लिहितो आहे. तो म्हणाला, "बिनधास्त लिही, पुढच्या अंकात मी तुझी सालं काढतो." तेव्हा मंडळी, हे भांडण घरातलंच आहे.

ह्याला नाव आहे

पूलच्या दुनियेत ह्या प्रकाराला 'शार्किंग' म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही पबमध्ये, जिथे टेबलाच्या कडेवर नाणं ठेवून नंबर लावायचा आणि जिंकेल त्यानं टेबल राखायचं अशी पद्धत आहे, तिथे एक संध्याकाळ बसलात तर सगळे नमुने बघायला मिळतात. समोरचा नेम धरत असताना त्याच्या नजरेच्या रेषेत उभं राहायचं आणि ऐन वेळी हलायचं. खडूचा तुकडा 'चुकून' खाली पाडायचा. ग्लासात बर्फ खुळखुळवायचा. समोरच्याची लय जमली की स्वच्छतागृहात निघून जायचं आणि दहा मिनिटांनी यायचं. आणि सगळ्यात जहरी म्हणजे स्तुती! "आज तुझा हात काय सरळ जातोय! कोपर जरा आत घेतलंस का?" बस्स. त्यानं कोपर आत घेतलेलं नसतं, पण पुढच्या अर्ध्या तासात त्याला कोपराशिवाय दुसरं काही सुचत नाही.

व्यापक अर्थानं ह्याला इंग्रजीत 'गेम्समनशिप' म्हणतात. स्टीफन पॉटर ह्या ब्रिटिश लेखकानं १९४७ साली ह्यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. ते विनोदी पुस्तक होतं. लोकांनी ते पाठ्यपुस्तक म्हणून वापरावं ही पॉटरची चूक म्हणता येणार नाही.

पण आपल्याला इंग्रजी शब्दाची गरजच काय? मराठीत ह्याला फार नेमका शब्द आहे : तेजोभंग. आणि ह्या विद्येचा आद्य आचार्य आपल्याच महाभारतात आहे. मद्रदेशाचा राजा शल्य, नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. दुर्योधनानं पाहुणचार करून त्याला आपल्या बाजूला ओढलं. तेव्हा युधिष्ठिरानं त्याच्याकडे मागणं मागितलं, की कर्णाचं सारथ्य तुमच्याकडे येईल तेव्हा बोलून बोलून त्याचं तेज कमी करा. गंमत बघा, धर्मराजानं हे मागतानाच कबूल केलं होतं, की हे करण्यासारखं काम नाही, तरी माझ्यासाठी करा. त्याला निदान लाज होती. आपण मात्र तेच काम मुलांना 'लाइफ स्किल' म्हणून शिकवतो आणि वर वडा खातो!

ही मनाची ताकद नव्हे

माझ्या मित्राचा पहिला मुद्दा असा, की खेळ हा शेवटी मनाचा असतो, मग मनावर हल्ला केला तर बिघडलं कुठे?

खेळ मनाचा असतो हे अगदी मान्य. पूलमध्ये तर फारच. धावायचं नाही, उडी मारायची नाही, चेंडू आपल्याकडे वेगानं येत नाही. तो स्थिर असतो, आपण स्थिर व्हायचं असतं. हात जे करतो ते हजारो वेळा केलेलं असतं आणि म्हणूनच ते विचार न करता होतं. श्वासाचा प्रश्न नेमका इथे घाव घालतो. जी गोष्ट आपोआप होत होती तिच्यावर लक्ष गेलं की ती आपोआप होईनाशी होते. जिना उतरताना प्रत्येक पायरीला 'आता उजवा पाय, आता डावा' असं म्हणून बघा, धडपडायला होतं.

बिलियर्ड्स खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास २००२ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. निष्कर्ष साधा आहे : कसलेल्या खेळाडूची शेवटची नजर, फटका मारण्याआधीची, नवशिक्यापेक्षा जास्त वेळ स्थिर राहते, आणि जमलेल्या फटक्यांच्या आधी ती चुकलेल्यांपेक्षा जास्त वेळ स्थिर असते. द्रोणाचार्यांनी झाडावरचा पक्षी दाखवून अर्जुनाला विचारलं होतं ते हेच. म्हणजे मनाची ताकद कशात आहे? नजर स्थिर ठेवण्यात. दुसऱ्याची नजर हलवण्यात नव्हे. दुसऱ्याच्या परीक्षेत आवाज केल्यानं आपला अभ्यास होत नाही.

उलट, शार्किंग करणाऱ्याचं स्वतःचं लक्ष कुठे असतं ते बघा. टेबलावरची मांडणी वाचायची, आपली पाळी आली तर काय करायचं हे ठरवायचं, ती वेळ तो समोरच्याच्या चेहऱ्यावर खर्च करतो. कमजोर खेळाडूसमोर हे खपतं. खऱ्या तयारीच्या माणसासमोर हे हत्यार चालत नाही, आणि तोवर दुसरं हत्यार शिकायचं राहून गेलेलं असतं.

खऱ्या तयारीची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. वॉल्टर लिंड्रम हा कालगुर्लीत जन्मलेला ऑस्ट्रेलियन. जानेवारी १९३२ मध्ये लंडनच्या थर्स्टन्स हॉलमध्ये जो डेव्हिसविरुद्ध त्यानं बिलियर्ड्समध्ये ४१३७ गुणांचा ब्रेक केला, म्हणजे पाळी एकदाही न सोडता इतके गुण! डेव्हिस हा स्वतः त्या काळातला अव्वल खेळाडू. तो खुर्चीत बसून राहिला. शेवटी लिंड्रमला आवर घालायला खेळाचे नियम बदलावे लागले. ठरावीक गुणांनंतर चेंडू बॉक-लाइनपलीकडून नेलाच पाहिजे असं बंधन आलं. पण ते नियम उघड होते आणि दोघांनाही सारखे होते. कोणी त्याला श्वासाबद्दल विचारून थांबवलं नाही. मेलबर्नच्या जनरल सिमेट्रीत लिंड्रमची कबर बिलियर्ड टेबलाच्या आकाराची आहे. मुलांना एकदा जरूर दाखवा.

आणि आपला विल्सन जोन्स! पुण्यात १९२२ साली जन्मलेला, बिशप्स शाळेत शिकलेला. १९५८ साली कोलकात्यात तो हौशी खेळाडूंचा बिलियर्ड्स विश्वविजेता झाला. स्वतंत्र भारताचा वैयक्तिक खेळातला तो पहिला विश्वविजेता. क्रिकेटचा पहिला विश्वचषक यायला तेव्हा पंचवीस वर्षं होती. १९६४ मध्ये त्यानं न्यूझीलंडमध्ये येऊन ते पद पुन्हा मिळवलं. त्यानंतर मुंबईच्या मायकेल फरेरानं १९७७ मध्ये हेच पद जिंकलं ते कुठे? आपल्या मेलबर्नमध्ये! पुढे १९८१ आणि १९८३ मध्ये पुन्हा. फरेरा बोलण्यात कोणाला हार जाणारा नव्हता. सुनील गावसकरला पद्मभूषण आणि आपल्याला पद्मश्री का, असा सवाल करून त्यानं १९८१ साली पद्मश्री नाकारली. म्हणजे जिथे भांडायचं तिथे तो सरकारशीही भांडला. पण टेबलावर तीन-तीन विश्वविजेतेपदं मिळवायला तासन् तास चालणारी एकाग्रता लागते. ती तोंडाच्या वाफेनं मिळत नाही.

'ह्या देशात असंच असतं'

दुसरा मुद्दा आपल्या मंडळींचा फार आवडता. म्हणे, ऑस्ट्रेलियन माणूस स्लेजिंगवरच वाढतो. आपण भिडस्त, आपली पोरं मागे पडतात.

मी इथे वीस वर्षांहून जास्त राहतो आहे आणि ठामपणे सांगतो, की ही अर्धी गोष्ट आहे. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नच्या मैदानावर ग्रेग चॅपेलनं धाकट्या भावाला सरपटी चेंडू टाकायला लावून न्यूझीलंडचा षटकार अडवला, हे खरंच. मार्च २०१८ मध्ये केपटाऊनला चेंडूवर सॅंडपेपर घासला गेला, हेही खरं. पण त्यानंतर काय झालं? १९८१ च्या सामन्यानंतर सरपटी चेंडूवर बंदी आली आणि त्या प्रसंगाची लाज इथल्या लोकांना अजून वाटते. २०१८ नंतर कर्णधार स्मिथ आणि वॉर्नर वर्षभर, बॅनक्रॉफ्ट नऊ महिने घरी बसले. त्याच वर्षी संघाच्या संस्कृतीचा अहवाल मागवून जाहीर केला गेला आणि त्यात वाटेल ती किंमत मोजून जिंकण्याच्या वृत्तीवर स्पष्ट बोट ठेवलं गेलं.

आणि हा देश पुतळा कोणाचा उभारतो? १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिक पार्कवर राष्ट्रीय एक मैल शर्यतीत तरुण रॉन क्लार्क धडपडून पडला. मागून आलेला जॉन लॅंडी त्याच्यावरून उडी मारून पुढे गेला, मग थांबला, मागे वळला, क्लार्कला काही लागलं नाही ना ते पाहिलं आणि पुन्हा धावत सुटून शर्यत जिंकला! त्या क्षणाचा पुतळा आज मेलबर्नमध्ये आहे आणि लॅंडी पुढे व्हिक्टोरिया राज्याचे गव्हर्नर झाले. २००३ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात अॅडम गिलख्रिस्टला पंचांनी नाबाद दिलं असताना तो आपण होऊन तंबूत परतला. तोही ह्याच मातीतला. 'इथलं व्हायचं' म्हणून आपण चॅपेलचा तो एक दिवस उचलायचा आणि लॅंडीला सोडायचं, ही निवड आपली आहे. तिचं खापर देशावर फोडू नये.

'नियमात बसतं ना?'

तिसरा मुद्दा वकिली आहे. श्वासाबद्दल विचारू नये असं आपल्या स्पर्धेच्या कागदावर कुठे लिहिलं होतं?

नव्हतं लिहिलं, कबूल. पण स्नूकरच्या नियमांत लिहिलेलं आहे, की पाळी नसलेल्या खेळाडूनं खेळणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत उभं राहू नये, हलू नये, टेबलापासून योग्य अंतरावर बसावं किंवा उभं राहावं. ते जाऊ द्या. नियमाचा आधार घेणं आणि तेजोभंग करणं ह्यात फरक आहे, आणि त्याचं उदाहरण सिडनीतच घडलेलं आहे. डिसेंबर १९४७ मध्ये विनू मांकडनं बिल ब्राऊनला नॉन-स्ट्रायकरच्या बाजूला धावबाद केलं, कारण तो चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडत होता. आधीच्या एका सामन्यात त्याला मांकडनं ताकीदही दिली होती. तरी त्या प्रकाराला मांकडचं नाव चिकटलं आणि पाऊणशे वर्षं ते शिवीसारखं वापरलं गेलं. खुद्द ब्रॅडमननं मांकडची बाजू घेतली होती. २०२२ मध्ये एमसीसीनं हा प्रकार 'अनुचित खेळा'च्या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात नेला.

मांकडनं जे केलं ते उघड होतं, आधी सांगून होतं, आणि त्याचं समर्थन तो चारचौघांत करू शकत होता. माझी कसोटी एवढीच आहे : तुमची युक्ती सामन्याआधी हस्तांदोलन करताना समोरच्याला सांगता येईल का? 'तू काळ्या चेंडूवर आलीस की मी तुला श्वासाबद्दल विचारणार आहे', असं म्हणता येत असेल तर खुशाल विचारा. म्हणता येत नसेल, ती साळसूदपणाच्या बुरख्याखालीच चालत असेल, तर तो रडीचा डाव आहे. आपल्या गल्लीत गोट्या खेळतानाही हे आपल्याला कळत होतं.

हे श्वासावर थांबत नाही

आता माझी गोष्ट. गाडीत मी गप्प का बसलो ती.

मास्टर्ससाठी मी इथे आलो तेव्हा विद्यापीठाजवळच्या एका पबमध्ये आम्ही विद्यार्थी पूल खेळायचो. पुण्यातल्या पूल पार्लरमध्ये कॉलेजचे तास बुडवून हात बसवलेला होता, त्यामुळे मी बरा खेळायचो. पण माझा एक वर्गमित्र माझ्यापेक्षा सरस होता. आधी मीही खडू पाडायचो, मध्येच हसायचो. तो ढळायचा नाही. एकदा शुक्रवारच्या स्पर्धेत आमचा अंतिम सामना लागला. चाळीस डॉलरचं बक्षीस, तेव्हा ते मोठं वाटायचं. तो जिंकायला आला. एका विषयात तो नापास झाला होता, पुन्हा फी भरायची होती आणि घरी कसं सांगायचं ह्या काळजीत होता, हे त्यानं फक्त मला सांगितलं होतं. तो वाकला आणि मी म्हटलं, "काय रे, घरी फोन केलास का?"

त्याचा फटका चुकला. मी जिंकलो. त्यानं माझ्याशी भांडण केलं नाही. फक्त त्यानंतर तो माझ्याबरोबर कधी खेळला नाही, आणि मनातलं कधी बोलला नाही. आज तो कुठे आहे मला माहीत नाही. चाळीस डॉलर कशावर उडवले तेही आठवत नाही.

मुद्दा असा, की श्वासाचा प्रश्न बोथट झाला की माणूस जास्त धारदार प्रश्न शोधतो. आणि सगळ्यात जास्त कुठे लागतं हे जवळच्यालाच माहीत असतं. परक्याला ते माहीत नसतं, म्हणून तो जे डोळ्यांना दिसतं तेच उचलतो : रंग, नाव, उच्चार, डब्यातली भाजी. जानेवारी २००८ ची सिडनी कसोटी आठवा. हरभजनवर वर्णद्वेषी शेरेबाजीचा आरोप, तीन सामन्यांची बंदी, अपिलात ती रद्द. आपण सगळे कुंबळेच्या बाजूनं उभे होतो. एकच संघ खेळाच्या भावनेनं खेळला, असं तो म्हणाला तेव्हा बॉडीलाइनच्या वेळी, १९३३ मध्ये अॅडलेडला, ऑस्ट्रेलियाच्याच वुडफुलनं काढलेले उद्गार इथल्या लोकांना आठवले होते. जानेवारी २०२१ मध्ये त्याच सिडनीत सिराजनं प्रेक्षकांच्या शिव्यांबद्दल पंचांकडे तक्रार केली आणि खेळ थांबला. तेव्हा आपल्याला त्याचा अभिमान वाटला. ज्यांच्या मुलांवर हे हत्यार सर्वांत आधी चालणार, त्यांनीच त्याला धार लावून द्यावी, ह्याला काय म्हणावं?

मग भिडस्तच राहायचं का?

मुळीच नाही. इथे माझी स्वतःची चूक आहे. लेकीला मी क्यू धरायला शिकवलं, डाव्या हाताचा आधार शिकवला, कोन शिकवले. पण कोणी मध्ये बोललं तर काय करायचं हे शिकवलं नाही. ती हसली, कारण समोरच्यानं विचारलं तर उत्तर द्यावं हे आपण घरी शिकवतो. तिला शिकवायला हवं होतं ते एवढं : पूर्ण उभी राहा. टेबलापासून मागे हो. क्यूला पुन्हा खडू लाव. समोरच्याकडे बघून स्पष्ट सांग, "मी खेळते आहे, प्लीज बसून घे." ऐकलं नाही तर पंचाला बोलाव. मग सगळं पहिल्यापासून कर, नजर, श्वास, फटका. ऑफिसातही हेच लागतं. क्लायंटच्या बैठकीत मुद्दाम मध्येच तोडणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्यापुढे जे टिकतात ते उलटून तोडणारे नसतात. 'माझं वाक्य पूर्ण करू द्या' असं शांतपणे म्हणून ते पूर्ण करणारे असतात. ह्याला धीटपणा म्हणतात. तो शिकवायला वेळ लागतो, एका प्रश्नात तो येत नाही.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीकडे माझ्या तीन मागण्या आहेत. एक, पाळी नसलेल्यानं खुर्चीत बसायचं आणि बोलायचं नाही. दोन, पालकांनी टेबलापासून दूर राहायचं आणि कानात काही सांगायचं नाही. तीन, आपला फाउल आपण होऊन सांगायचा, पंचानं पाहिला असो वा नसो. चांगले स्नूकर खेळाडू हे दूरदर्शनवरच्या सामन्यातही करतात, मग आपल्या हॉलमध्ये का होऊ नये? हे नियम सामन्याआधी मोठ्यानं वाचून दाखवावेत. मी पंचाचं काम करायला तयार आहे, आणि माझी लेक खेळत असेल त्या सामन्याला दुसरा पंच द्यावा.

लेकीला मी शेवटी उत्तर दिलं. "नाही, चालणार नाही," असं म्हटलं आणि माझ्या त्या मित्राची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग मी पुढच्या वर्षी पण हरले तर?"

"तर हरशील," मी म्हणालो, "पण त्या मुलाशी मैत्री राहील."

परवाच्या रविवारी ती दोघं आमच्या गॅरेजमध्ये पूल खेळत होती. तो बसून होता. त्याला कोणी बसायला सांगितलं, मला माहीत नाही. ती जिंकली.

मित्रा, आता तुझी पाळी. मी खुर्चीत बसतो.